रोमची सीमा राखणारे जर्मन सैनिक आणि त्यांना दिलेले वचन

युरोपात स्थलांतरितांवरून वाद पेटला की समाजमाध्यमांवर एक विधान हमखास फिरू लागते: रोमन साम्राज्याने परक्या ‘रानटी’ लोकांना सैन्यात घेतले आणि म्हणून ते बुडाले. विधान ऐकायला सोपे आहे, पण त्यात काळाचा मोठा घोटाळा आहे. ज्या ऑगस्टसपासून रोमन सम्राटांची परंपरा सुरू होते, त्याच्या अंगरक्षकांतच जर्मन घोडेस्वार होते. आणि पश्चिमेकडचा शेवटचा सम्राट पदच्युत झाला तो इ.स. ४७६ मध्ये. परके सैनिक हा साम्राज्याला जडलेला रोग म्हणायचा, तर त्या रोगासह ते जवळजवळ पाचशे वर्षे जगले, आणि त्यातली पहिली दोन शतके तर त्याच्या भरभराटीची होती.

तेव्हा विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. ज्याच्या आजोबांनी रोमन सैन्याशी युद्ध केले, असा ऱ्हाइनच्या काठचा एखादा तरुण त्याच रोमसाठी २५ वर्षे सीमेवर का उभा राहील? आणि रोमने तरी त्याच्या हाती शस्त्र देऊन त्याच्याकडे पाठ का करावी? या लेखात मी मांडणार आहे ते असे की या व्यवस्थेचा खरा आधार सेवेच्या शेवटी सैनिकाला काय मिळणार होते, यात होता. ते वचन पाळले गेले तोवर सीमा टिकली, आणि जिथे ते मोडले तिथे बंड झाले.

सीमा म्हणजे भिंत नव्हे

ज्युलियस सीझर इ.स.पू. पहिल्या शतकाच्या मध्यात गॉल, म्हणजे साधारणपणे आजचा फ्रान्स, जिंकत ऱ्हाइन नदीपर्यंत पोहोचला. नदीपलीकडच्या अनेक जमातींना रोमन लोक सरसकट ‘जर्मन’ म्हणत. या जमाती स्वतःला एक राष्ट्र मानत नव्हत्या. चेरुस्की, बटावियन, फ्रिसियन, उबियन अशी त्यांची वेगवेगळी नावे, वेगवेगळे सरदार आणि आपापसातली जुनी वैरे होती. ही गोष्ट लक्षात ठेवली की पुढचे बरेच कोडे सुटते, कारण ‘आपल्याच माणसांविरुद्ध ते कसे लढले’ हा आपला प्रश्न त्यांच्यातल्या बहुतेकांना पडलाच नसता. इ.स.पू. ५२ मध्ये गॉल लोकांविरुद्धच्या अलेशियाच्या वेढ्यात सीझरच्या बाजूने जर्मन घोडदळ लढले, तेव्हा त्या घोडेस्वारांच्या दृष्टीने ते कोणा परक्यासाठी भावाला मारत नव्हते.

ऑगस्टसच्या काळात रोमनांनी ऱ्हाइन ओलांडून एल्ब नदीपर्यंतचा प्रदेश ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला. इ.स. ९ मध्ये ट्यूटोबर्गच्या अरण्यात व्हारस या सेनापतीचे सैन्य नष्ट झाल्यावर तो बेत मागे पडला आणि ऱ्हाइन व डॅन्यूब या दोन नद्या सीमा म्हणून स्थिरावल्या. या दोन नद्यांच्या मधल्या कोपऱ्यात पुढे सुमारे ५५० किलोमीटर लांबीची, सुमारे ९०० टेहळणी मनोऱ्यांची सीमारेषा उभी राहिली. तिचे अवशेष आज जागतिक वारसा म्हणून जपले जातात.

या रेषेकडे मात्र किल्ल्याचा तट म्हणून पाहू नये. लाकडी कुंपण, खंदक आणि मनोरे यांनी मोठे आक्रमण अडत नाही. त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्यांवर नजर राहते, जकात वसूल होते आणि लुटारूंच्या टोळ्या वेळीच दिसतात. इतिहासकार टॅसिटस सांगतो की टेंक्टेरी जमातीच्या लोकांना आजच्या कोलोन शहरात यायचे असेल, तर नि:शस्त्र, पहाऱ्याखाली आणि पैसे भरून यावे लागे, आणि याचा त्यांना फार राग होता. उलट हर्मुंडुरी या मित्र जमातीला कोणत्याही पहाऱ्याशिवाय रोमन प्रांतात व्यापार करायची मुभा होती. सीमेवर अशी रोजची ये-जा होती, आणि तिच्यातूनच सैन्यभरतीही होत होती.

दोन सैन्ये, दोन करार

रोमन सैन्यात दोन मोठे भाग होते. पहिला भाग लीजनचा: सुमारे पाच हजार पायदळाची तुकडी, जिच्यात भरती होण्यासाठी रोमन नागरिक असावे लागे. दुसरा भाग सहायक पथकांचा: साधारण पाचशे किंवा हजार माणसांची पायदळाची किंवा घोडदळाची पथके, ज्यांत प्रामुख्याने नागरिकत्व नसलेले प्रांतिक लोक असत. साम्राज्याच्या भरभराटीच्या काळात या दोन्ही भागांची संख्या साधारण सारखीच होती. म्हणजे रोमच्या सैन्यातला जवळजवळ प्रत्येक दुसरा सैनिक भरतीच्या दिवशी रोमन नागरिक नव्हता.

लीजनमधल्या सैनिकाला निवृत्तीनंतर जमीन किंवा रोख रक्कम मिळे. ऑगस्टसने ती रक्कम १२,००० सेस्टर्स ठरवली होती. त्या काळी सैनिकाचा वार्षिक पगार ९०० सेस्टर्स होता, म्हणजे ही १३ वर्षांच्या पगाराहून अधिक रक्कम झाली. तिच्यासाठी त्याने इ.स. ६ मध्ये वेगळी लष्करी तिजोरी उघडली, तिच्यात स्वतःच्या पदरचे १७ कोटी सेस्टर्स घातले आणि ती भरती राहावी म्हणून वारशावर पाच टक्के व लिलावातल्या विक्रीवर एक टक्का कर बसवला. श्रीमंत रोमन या वारसा कराने चिडले, तरी ऑगस्टसने तो मागे घेतला नाही. आधीच्या शतकात निवृत्त सैनिकांना जमिनी वाटण्यासाठी लोकांच्या जमिनी हिसकावल्या गेल्या होत्या आणि सैनिक आपल्या भल्यासाठी राज्याऐवजी आपापल्या सेनापतीकडे पाहत होते. यादवी युद्धांचे ते एक मोठे कारण त्याने डोळ्यांनी पाहिले होते.

सहायक सैनिकासाठी बक्षीस निराळे होते. त्याला २५ वर्षांच्या सेवेनंतर रोमन नागरिकत्व मिळे.

सैनिक पुरवणारी जमात

या व्यवस्थेचे सर्वांत स्पष्ट उदाहरण बटावियन जमातीचे आहे. ऱ्हाइन जिथे समुद्राला मिळते, त्या आजच्या नेदरलँड्समधल्या दलदलीच्या प्रदेशात हे लोक राहत. रोमने त्यांच्याशी एक वेगळाच करार केला होता. त्यांनी कर भरायचा नाही. फक्त माणसे आणि शस्त्रे पुरवायची. पायदळाची आठ पथके, एक घोडदळ पथक आणि शिवाय सम्राटाचे अंगरक्षक एवढे सैनिक त्या लहानशा प्रदेशातून जात. अभ्यासकांच्या अंदाजाने जवळजवळ प्रत्येक कुटुंबातून किमान एक माणूस रोमच्या सैन्यात असे. घोड्यांसह आणि शस्त्रांसह रांग न मोडता नदी पोहून पार करण्याबद्दल त्यांची ख्याती होती.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या गावाला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात, कारण तिथे पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी सैनिक आहेत. अशा गावात सैन्य हा केवळ पोटापाण्याचा उद्योग राहत नाही. कोणाचे लग्न कधी ठरायचे, शेतात राबायला कोण उरणार, गावात शब्द कोणाचा चालणार, हे सगळे सेवेच्या आणि निवृत्तीच्या हिशेबाने ठरते. ऱ्हाइनच्या मुखाशी एक अख्खी जमात अशी होती, असे समजावे. त्या भागातल्या साध्या शेतघरांच्या अवशेषांत पत्रांवर मोहोर लावण्याच्या लहान धातूच्या डब्या सापडतात. त्यावरून एवढे तरी दिसते की दूर प्रांतात नोकरीला असलेल्या मुलाचे पत्र शेतकऱ्याच्या घरी येत असावे, आणि लॅटिन वाचणारे कोणीतरी तिथे असावे.

पत्रांचा दुसऱ्या टोकाचा पुरावा ब्रिटनमध्ये आहे. रोमनांनी पुढे सीमेवर बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीजवळच्या विंडोलँडा या ठाण्यात १९७३ पासून शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी पट्ट्या सापडत आल्या आहेत. त्यांतल्या अनेक इ.स. १०० च्या आसपासच्या, तिथे तैनात असलेल्या नवव्या बटावियन पथकाच्या आहेत. या पथकाच्या फ्लेव्हियस सेरिआलिस या प्रमुखाला मास्क्लस नावाचा एक घोडेस्वारांचा नायक लिहितो की उद्यासाठी हुकूम द्यावा, आणि शेवटी जोडतो की माझ्या सहकारी सैनिकांकडे बिअर संपली आहे, ती पाठवण्याची आज्ञा व्हावी. पत्राच्या आरंभी तो सेरिआलिसला आपला ‘राजा’ म्हणतो. सेरिआलिस हा बटावियन खानदानी घराण्यातला असावा, असे अभ्यासक मानतात. आपला सरदार, आपली माणसे आणि आपले पेय, पण पत्र लॅटिनमध्ये आणि पहारा रोमचा, असे हे चित्र आहे. मला ते कोणत्याही युद्धवर्णनाहून अधिक बोलके वाटते.

कांस्यावर कोरलेले वचन

सहायक सैनिकाला मिळणाऱ्या नागरिकत्वाचा पुरावा त्याच्या हाती असे. सम्राटाचा हुकूम रोममध्ये एका मोठ्या कांस्यपटावर कोरून जाहीरपणे लावला जाई, आणि सैनिकाला त्याची दोन लहान पत्र्यांची, तारेने बांधलेली प्रत मिळू शके. मजकूर दोनदा कोरलेला असे. बाहेरचा कोणीही वाचावा. आतला सात साक्षीदारांच्या मोहोरांखाली बंद. बाहेरच्या मजकुरात कोणी खाडाखोड केल्याचा संशय आला, तर मोहोर फोडून आतला पाहायचा. क्लॉडियस सम्राटाच्या काळापासूनच्या अशा हजाराहून अधिक प्रती, बऱ्याचशा तुकड्यांच्या रूपात, आजवर उजेडात आल्या आहेत.

या मजकुरात काय होते, हे नीट पाहिले पाहिजे. पथकांची नावे, प्रांत, तिथल्या अधिकाऱ्याचे नाव आणि मग हुकूम: ज्यांनी २५ किंवा अधिक वर्षे सेवा केली आणि ज्यांना सन्मानाने निवृत्त केले, त्यांना, त्यांच्या मुलांना आणि वंशजांना नागरिकत्व, आणि नागरिकत्व मिळाले त्या दिवशी जी पत्नी असेल, किंवा अविवाहित असल्यास पुढे जिच्याशी लग्न करतील, तिच्याशी कायदेशीर विवाहाचा हक्क, मात्र एका पुरुषाला एकच. सैनिकाला सेवेत असताना कायदेशीर लग्न करता येत नसे. तरीही सीमेवरच्या ठाण्यांभोवती वस्त्या वसत, सैनिकांचे संसार चालत, मुले होत. कायद्याच्या दृष्टीने ते संसार जणू नव्हतेच. २५ वर्षांनी तो कांस्यपट हाती आला की ते कुटुंब कायद्याला दिसू लागे.

इ.स. ११३ चा असा एक पट डॅन्यूबकाठच्या प्रांतात सेवा केलेल्या मार्कस उल्पियस फ्रोंटो या बटावियन सैनिकाचा आहे. त्याच्यावर पत्नी मात्तुआ हिचेही नाव आहे, तीही बटावियन, आणि तीन मुलींची नावे आहेत: वागात्रा, सुरेया आणि साता. बाप पूर्ण रोमन नावाने वावरतो, मुलींची नावे मात्र रोमन धाटणीची नाहीत. ऱ्हाइनच्या मुखापासून इतक्या दूर आलेल्या या जोडप्याने घरात आपले काय जपले, हे त्या तीन नावांवरून थोडेसे कळते.

इ.स. १४० च्या सुमारास हा नियम आखडता घेतला गेला आणि सेवाकाळात जन्मलेल्या मुलांना बापाबरोबर नागरिकत्व मिळणे बंद झाले. कारण हुकुमात लिहिलेले नाही. त्याचा एक परिणाम मात्र उघड होता: सैनिकाच्या मुलाला नागरिक व्हायचे असेल, तर त्यालाही सैन्याचाच रस्ता धरणे सोयीचे झाले.

निवृत्तीनंतर माणूस कुठे जात असे?

लीजनमधल्या निवृत्तांसाठी रोमने सीमेवरच शहरे वसवली. उबियन जमातीच्या गावाला इ.स. ५० मध्ये निवृत्त सैनिकांच्या वसाहतीचा दर्जा मिळाला. तेच आजचे कोलोन. लुसियस पोब्लिसियस या पाचव्या लीजनच्या निवृत्त सैनिकाचे जवळजवळ १५ मीटर उंचीचे स्मारक तिथल्या संग्रहालयात उभे आहे. तेवढे स्मारक बांधण्याइतका पैसा सीमेवर स्थायिक झालेल्या निवृत्ताच्या हाती खेळू शकत होता, हे त्यावरून कळते.

अशा वसाहती सगळीकडे सुखाने नांदल्या नाहीत. ब्रिटनमध्ये आजच्या कोलचेस्टरला वसवलेल्या निवृत्तांनी स्थानिकांच्या जमिनी बळकावल्या आणि त्यांना घराबाहेर काढले. बूडिका राणीच्या बंडात त्या शहराची राखरांगोळी झाली, तेव्हा त्यामागे हाही राग होता. कोलोनमध्ये मात्र वेगळे घडले. इ.स. ७० मध्ये ऱ्हाइनकाठी बंड माजले असताना टेंक्टेरींनी उबियनांकडे निरोप पाठवला की शहराची तटबंदी पाडा आणि तुमच्यातल्या रोमनांना ठार करा. उबियनांनी दिलेले उत्तर टॅसिटसने नोंदवले आहे. इथे आणून वसवलेले लोक आता आमच्याशी लग्नसंबंधांनी जोडले गेले आहेत, त्यांची मुले इथेच जन्मली आहेत. आम्ही आमच्या आईबापांना, भावांना आणि लेकरांना मारावे असे तुम्ही म्हणणार नाही. हे भाषण टॅसिटसने आपल्या शब्दांत घडवलेले आहे यात शंका नाही, पण वसाहत सुरू झाल्यावर वीसच वर्षांत परके आणि आपले यांची सरमिसळ किती झाली होती, ते त्यात दिसते.

काही निवृत्त आपापल्या मुलखात परतत. फ्रिसियनांनी इ.स. २८ मध्ये जाचक करवसुलीविरुद्ध उठाव केला, तेव्हा ४०० रोमन सैनिकांनी क्रुप्टोरिक्स नावाच्या माणसाच्या घरात आसरा घेतला होता. हा क्रुप्टोरिक्स पूर्वी रोमच्या पगारावर लढलेला होता. दगा होईल या भीतीने त्या सैनिकांनी एकमेकांना ठार केले. सीमेपलीकडे, उठावाच्या ऐन मुलखात, रोमची नोकरी करून आलेला माणूस मोठे घर बाळगून राहत होता, ही त्या भीषण प्रसंगातली नजरेतून सुटणारी माहिती आहे.

मग आर्मिनियसचे काय?

इथे कोणीही जाणता वाचक हरकत घेईल. व्हारसच्या तीन लीजन ज्याने ट्यूटोबर्गमध्ये बुडवल्या, तो चेरुस्की सरदार आर्मिनियस स्वतः रोमच्या सैन्यात अधिकारी होता, रोमन नागरिक होता, इतकेच नव्हे तर त्याला रोमच्या दुसऱ्या क्रमांकाच्या उच्चवर्गाचा दर्जा मिळाला होता. रोमने वचन पाळूनही त्याने घात केलाच की.

हरकत खरी आहे आणि ती टाळता येत नाही. नागरिकत्वाने प्रत्येक माणूस निष्ठावान होतो, असे इतिहास सांगत नाही. पण आर्मिनियसच्या घरातच दुसरी बाजू आहे. त्याचा भाऊ फ्लाव्हस रोमच्या सैन्यात राहिला. लढताना त्याचा एक डोळा गेला होता. इ.स. १६ मध्ये व्हेझर नदीच्या दोन काठांवर हे दोघे भाऊ समोरासमोर आले. आर्मिनियसने विचारले की त्या डोळ्याच्या बदल्यात तुला काय मिळाले, आणि फ्लाव्हसने वाढलेला पगार, गळ्यातला मानाचा अलंकार आणि इतर लष्करी सन्मान सांगितले. गुलामीची स्वस्त किंमत म्हणून आर्मिनियस हसला. टॅसिटस लिहितो की मध्ये नदी नसती तर दोघे एकमेकांवर तुटून पडले असते. पुढे तीस वर्षांनी चेरुस्कींनी आपला राजा म्हणून रोमकडून मागून घेतला, तो याच फ्लाव्हसचा मुलगा इटालिकस.

रोमनांनी स्वतः या घातातून काय धडा घेतला, तेही पाहण्यासारखे आहे. पराभवाची बातमी येताच ऑगस्टसने आपले जर्मन अंगरक्षक दूर केले. पण पाच वर्षांनी, इ.स. १४ मध्ये, सम्राटाच्या पदरी ते पुन्हा दिसतात. एका माणसाच्या घातावरून सगळ्या जमातींबद्दल कायमचा निष्कर्ष रोमने काढला नाही.

वचन मोडले की काय होई

सर्वांत मोठी बंडे जिथे झाली, तिथे कारणे पाहावीत. इ.स. १४ मध्ये ऑगस्टस वारल्यावर ऱ्हाइनवरच्या लीजन बिथरल्या. त्यांच्यात रोमन नागरिकच होते, जर्मन नव्हेत. मुख्य तक्रार होती की सेवेची मुदत संपूनही सोडत नाहीत. सेनापती जर्मॅनिकसचा हात चुंबण्याच्या निमित्ताने म्हाताऱ्या सैनिकांनी त्याची बोटे आपल्या तोंडात घातली, दात पडलेल्या हिरड्या त्याला कळाव्यात म्हणून. त्याच वेळी डॅन्यूबकाठच्या पॅनोनिया प्रांतातल्या बंडखोरांची तक्रार होती की ३०-४० वर्षे राबल्यावर शेत म्हणून दलदल नाही तर डोंगराचा उतार पदरात पडतो. रक्त आणि वंश यांचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता.

बटावियनांचे इ.स. ६९-७० चे बंड याच जातीचे आहे. त्याचा नेता ज्युलियस सिव्हिलिस याने रोमच्या छावण्यांत २५ वर्षे काढली होती. त्याच्या भावाला बंडाच्या खोट्या आरोपाखाली ठार केले गेले आणि त्याला स्वतःला साखळदंडात सम्राट नीरोकडे पाठवले गेले. गाल्बाने सम्राट होताच बटावियन अंगरक्षकांचे पथक बक्षिसाविना मोडले. मग त्याच्यानंतरच्या यादवीतला सम्राट व्हिटेलियस याच्या अधिकाऱ्यांनी सैन्यभरतीच्या नावाखाली म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना पकडले, ते केवळ पैसे घेऊन सोडता यावेत म्हणून, आणि अल्पवयीन मुलांना वासनेसाठी ओढून नेले. बटावियन पथकांची मागणी होती ती कबूल केलेले बक्षीस, दुप्पट पगार आणि घोडदळात वाढ यांची. या बंडातही घर दुभंगलेच: सिव्हिलिसच्या बहिणीचा मुलगा ब्रिगँटिकस रोमच्या बाजूने लढताना मेला.

बंड मोडल्यावर रोमने काय केले? बटावियनांना चिरडून त्यांचे सैन्य कायमचे बंद केले, असे कोणाला वाटेल. तसे झाले नाही. इ.स. ९८ च्या सुमारास टॅसिटस लिहितो तेव्हाही बटावियन करमुक्त आहेत आणि सैनिक पुरवत आहेत; त्याआधीच ब्रिटनच्या उत्तरेतल्या मोठ्या लढाईत त्यांची पथके रोमच्या आघाडीवर होती. पथकांना मायदेशापासून दूर नेमण्याकडे कल वाढला. करार मात्र तोच राहिला.

ही पिळवणूकच नव्हे का?

हो, पुष्कळ अंशी होती. उसिपी या जमातीतून सक्तीने भरती करून ब्रिटनला पाठवलेल्या पथकाने इ.स. ८३ च्या सुमारास आपल्या रोमन शिक्षकांना ठार केले आणि तीन जहाजे पळवून मायदेशाकडे धाव घेतली. वाटेत उपासमारीने त्यांनी एकमेकांना खाल्ले आणि वाचलेल्यांतले काही गुलाम म्हणून विकले गेले. २५ वर्षे फार मोठा काळ आहे, आणि भरती झालेल्यांपैकी अनेक जण कांस्यपट मिळण्यापूर्वीच मरत. या व्यवस्थेची वाखाणणी करताना हे विसरणे अप्रामाणिक ठरेल. ती चालली याचा अर्थ ती न्याय्य होती असा होत नाही; तिच्यात सामान्य माणसाला मोजता येईल, मागता येईल असे काहीतरी होते, एवढेच म्हणता येते.

तर मग रोम बुडाले ते परक्या सैनिकांमुळे का?

इ.स. २१२ मध्ये सम्राट कॅराकॅलाने साम्राज्यातल्या जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिले. त्यामुळे नागरिकत्व हे सेवेचे बक्षीस म्हणून आतल्या लोकांसाठी निरर्थक झाले. चौथ्या शतकात सीमेपलीकडून येणाऱ्या सैनिकाला पगार, पदोन्नती आणि निवृत्तीनंतर जमीन यांची ओढ होती. कॉन्स्टँटाइनच्या एका कायद्यात निवृत्ताला करमुक्त पडीक जमीन, खर्चाला रोख रक्कम, बैलजोडी आणि बियाण्याला १०० मापे धान्य देण्याची तरतूद आहे. आजच्या बुडापेस्टजवळ सापडलेल्या एका थडग्यावर कोरले आहे की मी फ्रँक लोकांतला नागरिक आणि शस्त्रधारी रोमन सैनिक आहे. ते लिहवून घेणाऱ्या या जर्मन सैनिकाला या दोन गोष्टींत काही विरोध दिसत नव्हता.

या काळातही जुने सूत्र चुकत नाही. इ.स. ३६० मध्ये सम्राट कॉन्स्टँटियसने गॉलमध्ये आपल्या वतीने कारभार पाहणाऱ्या ज्युलियनकडून पूर्वेच्या युद्धासाठी सैन्य मागवले. त्यातले अनेक सैनिक ऱ्हाइनपलीकडची घरे सोडून आले होते, ते आल्प्सच्या पलीकडे नेणार नाही, या अटीवर. अट मोडली जाते असे दिसताच सैन्याने पॅरिसमध्ये ज्युलियनलाच ढालीवर उचलून सम्राट घोषित केले. त्याआधी पाच वर्षे कोलोनमध्ये सिल्व्हानस नावाच्या फ्रँक सेनापतीवर बनावट पत्रांवरून राजद्रोहाचा आळ आला. आपल्या फ्रँक लोकांकडे पळावे असे त्याने मनात आणले, तर त्याच्याच एका सहकाऱ्याने सांगितले की ते तुला मारतील किंवा पैसे घेऊन रोमच्या हवाली करतील. दुसरा मार्ग न उरल्याने त्याने स्वतःला सम्राट म्हणवून घेतले आणि २८ दिवसांत मारला गेला.

खरा बदल झाला तो इ.स. ३७८ मध्ये एड्रियानोपलला गॉथ या जर्मन लोकांच्या हातून रोमन सैन्य नष्ट झाल्यानंतर. ३८२ च्या तहाने गॉथ लोकांना साम्राज्याच्या हद्दीत एकगठ्ठा वसवले गेले आणि ते मोठ्या प्रमाणात स्वतःच्या सरदारांच्या हाताखाली लढू लागले. पूर्वी करार एका सैनिकाशी होई: तू इतकी वर्षे सेवा कर, तुला आणि तुझ्या मुलांना हे मिळेल. आता बोलणी सरदाराशी होऊ लागली, आणि सैनिकाचे भले सरदाराच्या भल्याशी बांधले गेले. ऑगस्टसने वेगळी तिजोरी उघडून जो धोका टाळला होता, तोच नव्या रूपात परत आला. ३९४ मध्ये फ्रिजिडसच्या लढाईत रोमच्या सम्राटासाठी लढताना गॉथ फार मोठ्या संख्येने कामी आले. पुढच्याच वर्षी अॅलॅरिक गॉथांना घेऊन उठला, आणि त्याच्या मागण्यांत रोमन सेनापतीचे पद वारंवार येत राहिले.

मग इ.स. ४०८ आले. व्हँडल या जर्मन जमातीतल्या बापाचा मुलगा असलेला आणि पश्चिमेचे सैन्य सांभाळणारा सेनापती स्टिलिको याला सम्राट होनोरियसच्या हुकुमाने ठार केले गेले. इटलीच्या शहरांत ठेवलेल्या परक्या सैनिकांच्या बायकामुलांची रोमन सैनिकांनी कत्तल केली. जुन्या कांस्यपटांनी ज्या कुटुंबांना कायद्याचे संरक्षण दिले होते, तशाच कुटुंबांवर आता साम्राज्याच्याच सैन्याने हात टाकला होता. झोसिमस या इतिहासकाराने दिलेल्या आकड्यानुसार ३०,००० सैनिक रोमची बाजू सोडून अॅलॅरिककडे गेले. दोन वर्षांनी, ४१० मध्ये, अॅलॅरिकने रोम शहर लुटले. ४१८ मध्ये गॉथांना गॉलच्या नैर्ऋत्येला, अॅक्विटेनमध्ये जागा देण्यात आली. तिथे वसलेला गॉथ सैनिक आपल्या राजाचा होता, आणि त्याला लढायला बोलवायचे तर रोमला आधी त्या राजाशी बोलणी करावी लागत.